सीट नसलेली सायकल

सगळ्यात आधी सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको: त्या सायकलीला सीट नव्हती. चोरीला गेली नव्हती, मोडली नव्हती, बसवायची राहून गेली असंही नव्हतं. ती नसावीच लागते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा बोलले की झोपेत हलवून उठवलं असतं तरी तोंडातून तेच निघालं असतं. परवा गुडघ्याच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडावर धरला, मग वरचं नाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि परत नाव वाचलं. "वय काय म्हणालात?" मी सांगितलं. "काही खेळत होता का?" म्हटलं, सायकल. ते हसले. "अहो, सायकलीनं असं होत नाही. सायकल तर आम्हीच गुडघ्यासाठी चालवायला सांगतो." मी म्हटलं, "बसून चालवणाऱ्यांचं सांगताय तुम्ही." तर असं आहे. आत्मकथन लिहायचं माझं वय झालेलं नाही हे मलाही कळतं. पण माझ्या गुडघ्यांनी सत्तरी गाठलीय आणि त्यांना हातात पेन धरता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी लिहिते.

जालन्यात मस्तगडला आमची पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मागं घर, मधे एक दार, आणि ते दार कधीच लागायचं नाही कारण बिजागरीत पीठ बसलेलं. सकाळी आठला अण्णा मोटर चालू करायचे. पट्ट्याला जिथं जोड होता तिथं तो दर फेऱ्याला 'फट्' वाजायचा, आणि त्या फट्-फट्‌वर आमचं सगळं घर चालायचं. आई त्याच ठेक्यात भाकरी थापायची. गिरणी बंद असली तरी आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, कारण हळू बोलायची कुणाला सवयच नव्हती. माझ्या मैत्रिणी घाबरायच्या. त्यांना वाटायचं, यांच्यात चोवीस तास भांडण चालू असतं. अण्णांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. उन्हाळ्यात तिखट कांडायचे दिवस आले की घरात जो तो शिंकत जेवायचा. भाजक्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, त्यावर शिंका. आजही कुठं येसराचा वास आला की आधी नाकाला खाज सुटते.

अण्णांचा विश्वास होता घर्षणावर आणि आईचा करडीच्या तेलावर. डोकं दुखलं, करडीचं तेल. दार कुरकुरलं, करडीचं तेल. मला गणितात मार्क कमी पडले तेव्हाही रात्रभर डोक्यात तेच जिरवलं होतं. "कोरडं राह्यलं की माणूसबी मोडतंय," असं ती म्हणायची. अण्णा उलट सांगायचे की गिरणी चालते ती खरबरीतपणावर. दगड गुळगुळीत झाला की दाणे नुसते गरगर फिरतात, पीठ पडत नाही. मग अण्णा दिवसभर छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी लावत बसायचे, म्हणजे त्याच्या तोंडावर परत बारीक खाचा पाडायचे. या दोन पंथांच्या मधे मी वाढले, आणि पुढं जो घोळ झाला तो या दोन पंथांचाच झाला.

सुरुवात मात्र आत्यानं केली. अण्णांची थोरली बहीण, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची, पण जेवणाच्या वेळा सोडल्या तर मुक्काम आमच्याकडंच. जेवणाच्या वेळीही बहुतेक आमच्याकडंच. तिनं नवा मोबाइल घेतला आणि दुकानातून मेमरी कार्ड आरत्यांनी भरून आणलं. दुकानदारानं घाईत दुसऱ्याच कुणाचंतरी सामान त्यात ओतलं होतं. गणपतीची आरती, देवीची आरती, आणि त्यांच्या मधे तीन मिनिटांचा एक व्हिडिओ. एक गोरा माणूस बुटक्या सायकलीवर उभा. सायकल उड्या मारते. मागच्या एका चाकावर टुण्‌टुण करत भिंतीवर चढते, तिथून मोटारीच्या टपावर, तिथून रेलिंगवर. माणसाचा पाय जमिनीला म्हणून लागत नाही. त्या दिवशी मी आत्याचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले ती संध्याकाळपर्यंत. आत्या आईला म्हणाली, "पोरगी सुधारली बघ. आरत्या ऐकून राह्यली." मी मान डोलावली. देवाधर्माच्या बाबतीत मी आयुष्यात एवढीच लबाडी केली.

अशी सायकल विकत मिळते हे मला माहीत नव्हतं, आणि मिळत असती तरी जालन्यात कुठली? पण आमच्या गावात भंगार मात्र भरपूर. सळयांचे कारखाने, त्यांत वितळायला देशभराचं लोखंड येतं. तिथल्या एका भंगारवाल्याचं दळण अण्णांकडं असायचं, त्याच्या ढिगाऱ्यात मला लहान मुलांच्या सायकलीची एक फ्रेम सापडली. जाड नळी, बुटकी, रंग गेलेला. ती मी खांद्यावर टाकून सलीमचाचांच्या दुकानात नेली. सलीमचाचा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करायचे. त्यांच्याकडं एक जुना लाकडी खोका होता, त्यावर ते बसायचे आणि त्यातच पाने-पकडी ठेवायचे, त्यामुळं प्रत्येक पान्यासाठी उठावं लागायचं. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि चष्मा काढून म्हणाले, "इसकी सीट किधर हय?"

सीट विचारणारे पहिले मानकरी ते.

मग पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी एकेक भाग निवडला. मी हट्ट करायची, ते डोक्याला हात लावायचे. पुढचं दातेरी चाक मला बारीक हवं होतं, म्हणजे पायडल जरा दाबलं की सायकल जागची उसळली पाहिजे. चाचा म्हणाले, "बेटा, इससे तो तू अंबड चौफुलीतक शाम को पोहोचेगी." म्हटलं, चाचा, मला कुठं जायचंच नाही, जागेवर उडायचंय. ते उठले आणि खोक्यात बारीक चाक शोधायला लागले. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ आणि दणकट पाहिजे होता, तो त्यांनी मालाच्या सायकलीचा कापून बसवला. मागचं टायर रुंद, मऊ, आणि त्यात हवा निम्मी. आता ही निम्मी हवा म्हणजे माझ्या जिवाला घोर. आमच्या गल्लीतले लोक फार मायाळू. सायकल ओट्याला टेकवून मी आत पाणी प्यायला गेले की कुणीतरी चाक दाबून बघायचं, च्च् करायचं, आणि चाचांकडून पंप आणून टम्म हवा भरून ठेवायचं. त्या टायरवर उडी मारली की मी बेडकासारखी भलतीकडंच. शेवटी मी पुठ्ठा लटकवला: 'हवा मुद्दाम कमी आहे. भरू नये.' दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सीट बी मुद्दाम कमी आहे का.'

सगळ्यात अवघड गेला तो ब्रेक. या सायकलीचा जीव ब्रेकमधे असतो. मागच्या चाकावर उभं राहायचं म्हणजे चाक भिंतीत चुन्यानं बसवल्यासारखं गच्च थांबलं पाहिजे. केसभर सरकलं की तुम्ही पाठीवर. आणि आमची रिम होती चकचकीत, क्रोमची. मी चाचांना म्हटलं, हिला ग्राइंडर मारायचा, खरबरीत करायची. चाचा उठून उभेच राहिले. "लोगां मेरे पास रिम चमकाने को आते, आन तू घिसाने को आई! मेरे हात से नको. गुनाह हय ये." ते काही केल्या तयार होईनात, तेव्हा मी शेजारच्या वेल्डरकडून ग्राइंडर आणला आणि गिरणीच्या ओट्यावर स्वतःच रिम घासायला बसले. ठिणग्या उडाल्या, अण्णा धावत बाहेर आले. "काय करून राह्यली गं?" मी घाबरत म्हटलं, "अण्णा, टाकी लावून राह्यले. गुळगुळीत झालीय, धरत न्हाई." अण्णा खाली बसले. रिमवरून अंगठा फिरवला. "हितं खोल गेलीय. सारख्या खाचा पाहिजेत, तिरप्या," एवढंच बोलले आणि आत गेले. पण जाताना हसले होते. ते मी बघितलं.

खाचांवर मी डांबराची गोळी फिरवायची. पुढच्या रस्त्याचं काम चालू होतं, तिथून आणलेली. डांबर, खाचा आणि ब्रेकचे रबरी गुटके एकत्र आले की ब्रेक असा किंचाळायचा की पलीकडच्या घरातलं तान्हं बाळ उठायचं. त्याची आई मला दिसली की तोंड फिरवायची. पण चाक थांबायचं. बिलकुल हलायचं नाही. रोज सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी मी साखळी बघायची, चाकाच्या तारा एकेक करून नखानं वाजवायची, जी तार भद्द वाजेल ती आवळायची. अभ्यासाच्या वहीला मी कधी एवढी माया लावली नाही. आई डांबराचे डाग घासलेटनं काढायची आणि म्हणायची, "या सायकलीला एक तेलाचं बोट तर लावू दे गं. कशी रखरखीत दिसतीय बिचारी." मी ओरडायची, "आई, हात नको लावूस!" हे तिच्या मनात राहिलं असणार.

नवं वाहन म्हटल्यावर राजूरला नेलंच पाहिजे, असं आत्याचं म्हणणं. मग काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर सायकल बांधून आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. हार विकणारी बाई हळहळली, "सीट चोरीला गेली व्हय बाई? लई वंगाळ लोकं." पुजाऱ्यानं स्वस्तिक काढायला सीट शोधली, ती सापडेना, तेव्हा त्यानं कुंकू माझ्याच कपाळाला जरा जास्त लावलं. इथवर आत्यानं सहन केलं. परत येताना जीपमधे ती अण्णांना म्हणाली, "सायकल म्हणं! बसायला जागा न्हाई, सामान ठिवायला कॅरेज न्हाई, घंटी न्हाई."

"ती बसायची सायकल नाही, आत्या."

"मंग चालत कामून जात न्हाई?"

आणि दोन दिवसांनी आत्या पिशवी घेऊन आली. पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मरून रेक्झिनची, खाली दोन जाड स्प्रिंगा असलेली रुंद लेडीज सीट. सोबत नारळ. "बसवून टाक," ती अण्णांना म्हणाली. "सीट बसव, कॅरेज बसव, घंटी लाव. पोरगी चार घरचे डबे तरी पोचवील. न्हाईतर गल्लीत तमाशा चाललाय नुसता, लोकं मला इचारतेत." अण्णा बहिणीला नाही म्हणू शकायचे नाहीत. ती त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, तिनंच त्यांना कडेवर वाढवलेलं. त्यांनी एकदा सीटकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझं तोंड काय झालं असेल ते असेल. मग त्यांनी तोड काढली. आमच्या गिरणीचा ओटा उंच होता, पाच दगडी पायऱ्यांचा. "दसऱ्याच्या दिवशी समद्यांसमोर पाची पायऱ्या चढून दाखीव. पाय टेकला न्हाई, तर सायकल हाय तशी राहील. टेकला, तर सीट बसवीन. बराबर हाय का, अक्का?" अक्का म्हणाली, बराबर हाय. तिनं सीट आमच्या देवघराखालच्या फळीवर ठेवली, आणि दसऱ्यापर्यंत मी जेवायला बसले की ती सीट माझ्याकडं बघत असायची.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. पण सतराव्या वर्षी माणसाजवळ स्वतःचं असं काय असतं? मार्क दुसरे देतात, कपडे दुसरे आणतात. ती सायकल मी माझ्या दातांइतकी ओळखत होते. तिचा एकेक छर्रा मी हातात घेऊन पुसला होता. तिच्यावर ती स्प्रिंगांची सीट बसलेली मनात आली की मला खरोखर रडू यायचं, आणि मी मोरीत जाऊन रडायचीसुद्धा. तीन पायऱ्या मला येत होत्या. चौथीवर तोल जायचा. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पाचवी जमली. चाचा टाळ्या वाजवत ओरडले, "हौ! चढ गई!" आणि त्या नादात त्यांच्या हातातलं कुणाचंतरी चाक घरंगळत नाल्यात गेलं.

खंडेनवमीला आमच्याकडं गिरणी बंद. सगळी हत्यारं, छिन्न्या, हातोड्या, पाने, वजनं, मोटर, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदी-कुंकू, झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली की दसऱ्याची आरती होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांचा तो विसावा. त्या वर्षी आईनं माझी सायकलसुद्धा हत्यारांत मांडली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. घरानं तिला मान दिला, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली, मी माळ काढून सायकल बाहेर घेतली. रिम चमकत होती. मला वाटलं, काय तेज आलंय बघ देवाच्या पुढं राहून!

माणूस एवढं मूर्ख असू शकतं.

गल्ली जमली होती. दसरा म्हटल्यावर जो तो नवे कपडे घालून, हातात आपट्याची पानं घेऊन. पायऱ्यांसमोर रस्त्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत सीट. मी सायकलीवर उभी राहिले. एक उडी, पहिली पायरी. दुसरी. त्या दोन नुसत्या झोकातच गेल्या; तिसरीवर मागचं चाक टेकवलं आणि ब्रेक दाबला.

ब्रेक ओरडलाच नाही.

ती शांतता मला अजून ऐकू येते. चाक लोण्यातून फिरावं तसं उलटं फिरलं. तिसरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली, मी ब्रेक दाबतेय, दाबतेय, लोक "अय अय अय" करत बाजूला होतायत, आणि आत्याला एवढ्या लवकर उठता येणार नव्हतं. सायकल खुर्चीच्या पायांना लागून थांबली आणि मी मागच्या मागं आत्याच्या मांडीवर जाऊन बसले. त्या सायकलीच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच कुठंतरी बसले होते.

"बघ," आत्या माझ्या खालून म्हणाली, "शेवटी बसावंच लागलं का न्हाई!"

सगळी गल्ली हसली. मीच तेवढी रडत होते, अगदी भोकाड पसरून. आत्यानं मला बाजूला सारलं, पिशवीतून सीट काढली आणि अण्णांच्या पुढं धरली. अण्णा आत जाऊन पाना घेऊन आले. मी म्हटलं, संपलं. ते सायकलीजवळ उकिडवे बसले. पाना खाली ठेवला. रिमवरून अंगठा फिरवला, पहिल्या दिवशी फिरवला होता तसाच. अंगठा नाकाशी नेला.

"करडीचं हाय," ते म्हणाले.

सगळ्यांनी आईकडं पाहिलं. आई दारात उभी होती. "मंग?" ती म्हणाली. "समद्यांना लावलं. छिन्नीला लावलं, हातोडीला लावलं. तिलाच एकटीला सणासुदीला कोरडी ठिवू?" माझ्याच सायकलीची माया तिला आली होती, आता तिच्यावर ओरडावं तरी कसं? मी तोंड उघडलं आणि परत रडायला लागले.

आत्या म्हणाली, "ते काय बी असू दे. टेकली का न्हाई? बसव सीट."

अण्णा उठले. बहिणीसमोर मोठ्यानं बोलताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरच्या मानानंही मोठ्यानं ते बोलले. "अक्का, पट्टा घसरला म्हणून कुणी गिरणी इकून टाकतंय का?"

एवढं बोलून ते आत गेले आणि घासलेटचा बोळा आणि एक गंजका डबा घेऊन आले. त्या डब्यात राळ असायची. पावसाळ्यात पट्टा घसरायला लागला की अण्णा चिमूटभर राळ त्याच्यावर टाकायचे आणि पट्टा पुन्हा चाकाला पकडायचा. त्यांनी रिम घासलेटनं पुसली. कोरड्या फडक्यानं पुसली. मग राळेचा खडा घेऊन एकेक खाचेतून फिरवायला लागले, दगडाजवळ बसायचे तसे, मान तिरपी करून, घाई नाही. सलीमचाचांना राहवेना. ते कानस घेऊन आले आणि ब्रेकचे गुटके घासायला बसले. "घिसाना गुनाह हय ना, चाचा?" मी नाक ओढत विचारलं. "आज तेवहार हय," चाचा म्हणाले, "आज माफ हय."

"एक डाव अजून," अण्णा म्हणाले. आत्यानं खुर्ची चार पावलं मागं घेतली.

दुसऱ्या वेळेला पहिल्याच पायरीवर ब्रेक असा किंचाळला की दोन बकऱ्या दावं तोडून पळाल्या आणि पलीकडचं ते बाळ उठलं. तो आवाज इतका गोड मी परत कधी ऐकला नाही. दुसरी. तिसरी. चौथीवर तोल गेला, मी हवेतच कशीबशी कंबर वळवली, चाक जागचं हललं नाही. राळ धरून होती. पाचवी. मी ओट्यावर, मागच्या चाकावर, उभी. खाली अण्णा हातात डबा धरून, तोंड उघडं. मला वाटलं, आता हात हलवून दाखवावा. तोच चुकीचा विचार होता. मी आडवी होऊन गिरणीच्या उघड्या दारातून आतल्या ज्वारीच्या पिठाच्या पेटीत पडले.

"टेकली!" आत्या ओरडली.

"पायऱ्या झाल्यावर टेकली," अण्णा म्हणाले. "पेटीचं काय ठरलं न्हवतं."

आत्या धापा टाकत पाचही पायऱ्या चढून वर आली. मी पेटीत, नखशिखान्त पांढरी. तिनं माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं. "सोन्यासारखी राहा," ती म्हणाली, आणि लगेच अण्णांकडं वळली. "आन माझी सीट? चांगली नारळासंगं आणलीया. वाया घालवू?"

"बसवतो," अण्णा म्हणाले. "बसवीन म्हणलो व्हतो ना."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुरणपोळी गेली नाही, यावरून काय ते ओळखा. सकाळी फट्-फट् ऐकून उठले आणि आधी ओट्यावर धावले. सायकल होती तशीच होती, भिंतीला टेकलेली, रखरखीत. मग आत गेले. दळणाच्या पेटीजवळ अण्णांचं लोखंडी स्टूल असायचं, ज्याच्या कडा त्यांना वीस वर्षं टोचायच्या. वेल्डरकडून त्यावर त्यांनी ती सीट जोडून आणली होती. मरून रेक्झिन, खाली दोन स्प्रिंगा. अण्णा तिच्यावर बसले होते, पांढऱ्या भुवया, आणि मोटरच्या हादऱ्यानं हळूहळू वरखाली होत होते.

सायकल पुढं माझ्या लग्नात मागं राहिली आणि हळूहळू गंजली. अण्णा आता फार चालत नाहीत, पण सकाळी तासभर गिरणीत बसतातच, त्याच सीटवर. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, अण्णा, ही सायकलीची सीट हितं कशी? मागच्या दिवाळीला मी तिथंच उभी होते. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग पेटीतलं पीठ हातानं सारखं करत त्या माणसाला ओरडून म्हणाले, "पोरीच्या सायकलीचीय. तिला लागत न्हाई."